माळावर खड्डे खणायला येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दर पावसाळ्यात आमच्या माळांवर झाडं लावायला येणाऱ्या संस्था, कंपन्यांची स्वयंसेवक मंडळी, आणि त्यांना जागा दाखवणारे वन, महसूल व ग्रामपंचायतीचे कारभारी

स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आमच्या माळावर जेसीबी चढतो. फक्की मारून आखलेल्या रेषांवर तो चर काढत जातो, मागोमाग दीड-दीड फुटाचे खड्डे पडतात आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या बस येतात. एकसारखे टी-शर्ट, पोह्यांचे डबे, कापडी फलक. दोन तासांत हजारभर रोपं मातीत जातात, फोटो निघतात, आणि जेवायच्या वेळेपर्यंत तुम्ही पुण्याच्या वाटेला लागलेले असता. परत जाताना तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मी जवळून पाहिलंय. ते खोटं नसतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात भूगोल शिकवतो. तुमचं स्वागत करणारा, मुलांना रांगेत उभं करून घोषणा द्यायला लावणारा आणि नारळ फोडायला सरपंचांना शोधून आणणारा माणूस बरीच वर्षं मीच होतो. तेव्हा या पत्रातली निम्मी तक्रार माझ्याच नावावर धरा.

आमचं घर मेंढरांचं. वडिलांनी शाळेपायी वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारा तळ, सोडला; चुलत्यांनी सोडला नाही. दुसऱ्या वर्षीच्या वृक्षारोपणानंतर चुलते माळावर आले, खड्ड्याशेजारी उकिडवे बसले आणि उपटून टाकलेला गवताचा एक वाळका ठोंब हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, झाडं लावली म्हंता. मग हितला पवन्या कुणी उपटला?"

मी हसण्यावारी नेलं. गवत काय, परत येईल, असं म्हणालो. पुढच्या पाच-सहा वर्षांत ते आलं नाही.

माळ म्हणजे काय, हे भूगोलाचा शिक्षक असूनही मला उशिरा कळलं. सह्याद्रीच्या पलीकडे धो-धो कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईतो दमून जातो. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरीने. खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर कुठे वीतभर तर कुठे चार बोटं माती. अशा जागी मोठी झाडं दाटीवाटीने वाढतच नाहीत. इथे एक हिवर, तिथे एक बोर, मध्येच पाचुंदा, तरवडाचे झुबके, उताराला हेकळ, आणि या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गवत. तुम्ही ज्या मोकळ्या जागेकडे बघून "इथे तर काहीच नाही" म्हणता, तिथेच सगळं असतं. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांचे रंग बदलत जातात. दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळच्या उन्हात कुसळीचा माळ तांबूस होतो, तेव्हा त्यात उभं राहून बघा. विरळ झाडं, भरपूर गवत आणि जमिनीपर्यंत पोचणारं ऊन, अशा भूप्रदेशाला शास्त्रात सवाना म्हणतात. आफ्रिकेतली सवाना आपण टीव्हीवर डोळे विस्फारून बघतो. दारातली सवाना मात्र आपल्याला पडीक वाटते.

'पडीक' हा शिक्काही सरकारी कागदाचा आहे. ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती इंग्रजांनी पडीक ठरवली, आणि स्वातंत्र्यानंतर आपण ती वही तशीच पुढे चालवली. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ माळ मोडतात. दुसरीकडे भारतीय वन सर्वेक्षणाचं मोजमाप बघा. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या पानोऱ्याची सावली दहा टक्क्यांच्या वर असली की ते वनाच्छादन. खाली असली की खुरटं रान. म्हणजे आमच्या माळाला कागदावर दोनच गती: एक तर बिघडलेलं जंगल, नाहीतर रिकामी जागा. चांगला, धडधाकट माळ असं खातंच नाही. ज्याला खातं नाही त्याचं उद्दिष्ट ठरत नाही, आणि उद्दिष्ट नाही त्याला निधी नाही.

"पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, मेंढरांनी खाऊन टाकलं," हे वाक्य तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी बोलतंच. मीही बोललोय. अलीकडे अभ्यासकांनी एक गंमतीचं काम केलं. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, ओव्या आणि लोककथा चाळल्या आणि त्यात कुठली झाडं-झुडपं येतात याची नोंद केली. निघाली ती बहुतेक सवानाचीच झाडं, काटेरी आणि उन्हातली. पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी असेच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या आजीच्या ओव्यांत घनदाट अरण्य कधी आलं नाही, बोरी-बाभळी आल्या. आपण कान दिला नाही.

वनस्पतींची साक्ष तर आणखी जुनी आहे. माळाच्या मातीत कंद असतात. खर्पुडीसारखे काही तर द्वीपकल्पी भारताबाहेर कुठेच मिळत नाहीत. आठ-दहा महिने जमिनीखाली निजून राहायचं आणि पहिल्या पावसाला वर येऊन आठवडाभर फुलायचं, ही रीत अंगी मुरायला साडेसातशे वर्षं फारच थोडी. अशा झाडाला सावली म्हणजे मरण. जेसीबीचा फाळ म्हणजे तर विचारूच नका.

आता तुम्ही लावता काय ते बघू. गेल्या काही वर्षांत वड-पिंपळ, कडुलिंब, 'देशी' अशी भाषा आली आहे, त्याचं श्रेय तुम्हाला द्यायला हवं. पण आधीच्या तीन-चार दशकांत माळावर जे सर्वांत जास्त गेलं ते गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, आमच्याकडची उंदीरमारी. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. का लावलं? फांदी खोचली तरी जगतं, झपाट्याने वाढतं, आणि मुख्य म्हणजे शेरडंसुद्धा त्याला सहजासहजी तोंड लावत नाहीत. म्हणजे राखणदाराचा खर्च वाचला. पाहणीच्या दिवशी हिरवं दिसलं. त्याच्याखाली गवत टिकत नाही, हे कुणाच्या तपासणी अहवालात आलं नाही, कारण गवत मोजायचा रकानाच नव्हता. एकदा तोडलं तर बुडातून चार फुटवे येतात. मुळासकट काढायला लागतं, आणि ते काढताना घामाबरोबर शिव्याही निघतात.

मग मोठ्या आकड्यांचा काळ आला. राज्याने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार, २०१८ साली तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. एवढी रोपं लावायची तर जागा कुठून आणायची? शेतकरी बांधावर चार झाडं लावील. बाकीची माळावरच येणार. गायरान, वनखात्याचा माळ, गावठाणामागची टेकडी. जिथे कुणी भांडायला नाही तिथे खड्डे. गवत भांडत नाही. चिंकारा तक्रारअर्ज करत नाही. माळावर वाडा घेऊन उतरणारा मेंढका तर ग्रामसभेला हजरच नसतो, कारण तो तेव्हा वाटेवर असतो.

तुमच्या चरांबद्दलही दोन शब्द. पाणी अडवायला हवं, यावर वाद नाही. पण चार बोटं मातीच्या माळावर यंत्राने सलग चर काढले की खालचा मुरूम वर येतो, वरची माती खाली जाते, आणि त्या उकरलेल्या बांधावर पहिल्या पावसात काय उगवतं? गाजरगवत. दोन वर्षांनी वेडी बाभूळ, तीही बाहेरून येऊन माजलेली. गवताच्या मुळांचं जाळं पाणी मुरवायचं काम फुकट करत होतं. ते आपण तोडलं, आणि त्याच कामासाठी डिझेल जाळलं.

सोलापूरच्या नान्नजचं नाव तुम्ही ऐकलं असेल. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, ज्यात गावं, शेतं, शहरं सगळीच आली. पुढे ते आटवून बाराशेच्या घरात आणलं. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि दूरवर नजर टाकून जगतो. आडोसा त्याला नको असतो. गवताच्या राखीव तुकड्यांत तो टिकला. झाडांच्या लागवडीने, उसाच्या पाण्याने, शिकारीने, विजेच्या तारांनी त्याचं मोकळेपण खाल्लं. यातल्या कशाचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही, आणि झाडं लावणाऱ्यांवरच सगळं ढकलणं अन्यायाचं होईल. पण आज नान्नजला एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

इथे मला साता समुद्रापारचं एक उदाहरण द्यायचं आहे, कारण माझे डोळे उघडले ते तिथून. माझा एक माजी विद्यार्थी शिकागोजवळ नोकरीला आहे. एका रविवारी त्याने फोटो पाठवला: हातात करवत, पायाशी तोडलेलं झाड, मागे सगळी मंडळी हसतायत. मी फोनच केला. म्हटलं, शाळेत आम्ही झाडं लावायला शिकवलं, तिकडे जाऊन तोडतोस होय रे? तो म्हणाला, "सर, इथे निसर्ग वाचवायचा म्हणजे आधी झाडं तोडावी लागतात."

मग तो मला दर आठवड्याला थोडं थोडं सांगत गेला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या भागांत, गोऱ्या वसाहती होण्यापूर्वी ओकची सवाना होती. बर ओक नावाचं बुचासारख्या जाड सालीचं झाड, दूर दूर विखुरलेलं, आणि मध्ये फुलांनी भरलेलं गवत. तिथले मूळ रहिवासी ठरावीक हंगामात गवत पेटवत. बायसन आणि सांबरासारखे एल्क चरत. नंतर नांगर आला, जनावरं मारली गेली, आग विझवली गेली. आग आणि चराई थांबल्यावर सावली धरणारी झाडं माजली, युरोपातून आलेल्या बकथॉर्नने (त्यांची वेडी बाभूळच म्हणा) खालचा मजला भरून टाकला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, वा, जंगल वाढलं! एक कोटी दहा ते एक कोटी तीस लाख हेक्टर होती ती सवाना. १९८५ साली मोजदाद झाली तेव्हा चांगल्या अवस्थेतली उरली होती जेमतेम २६०० हेक्टर.

शिकागोच्या नॉर्थ ब्रँच नदीकाठी १९७७ साली स्टीव्ह पॅकार्ड नावाच्या माणसाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून हे उलट फिरवायला घेतलं. अडचण अशी की ओकच्या विरळ सावलीत पूर्वी काय वाढत होतं हेच कुणाला आठवत नव्हतं. कुरणातल्या वनस्पतींचं बी टाकलं तर ते तग धरेना. शेवटी त्याच्या हाती १८४६ साली छापलेली एक यादी लागली. मीड नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरने आपल्या भागातल्या वनस्पतींची नावं लिहून, कुठली कुठे उगवते तेही टिपून ठेवलं होतं. त्या यादीतून सवानाच्या वनस्पती पुन्हा उमगल्या. मला आपल्या ओव्या चाळणारे अभ्यासक आठवले. एका गावठी डॉक्टरची वही काय, नाहीतर जात्यावरचं गाणं काय, विसरलेलं रान शेवटी अशाच ठिकाणी सापडतं.

हे काम तिथेही गोडीगुलाबीने झालेलं नाही. झाडं तोडतायत म्हणून लोक खवळले, सभा गाजल्या, आणि १९९६ साली कुक काउंटीच्या (शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या) मंडळाने काम थांबवायचा हुकूम काढला. मग टप्प्याटप्प्याने, एकेक जागा तपासून, ते पुन्हा सुरू झालं. आज तिथे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी बकथॉर्न तोडतात, शरदात बी गोळा करतात, तयार माणसांच्या देखरेखीखाली गवत पेटवतात. शिकागोच्या पश्चिमेला नाचुसा नावाचं कुरण आहे. तिथे २०१४ साली बायसनचा कळप आणून सोडला. बायसन प्रामुख्याने गवत खातात, फुलझाडं सोडून देतात, त्यामुळे उंच गवताखाली दबलेल्या फुलांना जागा मिळते.

हे ऐकून मी चुलत्यांना सांगितलं, "तिकडं गवत नीट व्हावं म्हणून ट्रकात घालून जनावरं आणली." ते म्हणाले, "आन् आपल्याकडं?" मी काही बोललो नाही. आपल्याकडे जनावरं स्वतःच्या पायांनी येतात, त्यांना वळणारं माणूस सोबत असतं, त्याला कोणता माळ कधी चारायचा हे बापजाद्यांपासून ठाऊक असतं. आणि आपण तारेचं कुंपण घालून 'चराईस सक्त मनाई' अशी पाटी लावतो.

मेंढरू म्हणजे साधू नव्हे, हे घरचा माणूस म्हणून मीच सांगतो. एकाच माळावर बारमाही तोंडं फिरत राहिली तर पहिल्यांदा गोड गवतं जातात, पवन्या आणि मारवेल. मग कुसळी पसरते. मग कुसळीही खुरटते आणि एका पावसात उगवून मरणारी बोचरी गवतं येतात. शेवटी उघडा मुरूम. आपल्या कुरणशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत हा उताराचा जिना पायरी-पायरीने लिहिलेला आहे. पण तोच जिना चढताही येतो, आणि चढवायलाही मेंढरूच लागतं. अजिबात न चारलेला माळ चार वर्षांत बघा: जुनं वाळकं गवत नव्या फुटव्यावर गादीसारखं बसतं, खालून ठोंब कुजतो, आणि उन्हाळ्यात कुणाच्या विडीची ठिणगी पडली की सगळं एका दुपारी जातं. वेळेवर चारलं तर ठोंब फुटवे धरतो. खुरांनी वरचा पापुद्रा फुटतो, बी दबतं, लेंडी पडते. कुसळीचं कूस मेंढीच्या लोकरीत अडकून पुढच्या माळावर जातं. ओल लागली की त्याचा पीळ उलगडतो आणि ते फिरत फिरत स्क्रूसारखं मातीत शिरतं. पेरणी करायला दुसरं कोण लागतं!

एक भानगडही आहे, ती लपवत नाही. उन्हाळ्यात खायला काही नसलं की शेरडं-मेंढरं वेड्या बाभळीच्या शेंगा खातात आणि तिचं बीही लेंडीतून माळभर पेरतात. म्हणून ती बाभूळ आधी काढायला लागते. मेंढरं सोडली की सगळं आपोआप, असं नाही.

आता खरी अडचण. वनखात्यातले जे अधिकारी गवताचं महत्त्व जाणतात, ते साधा तोडगा सांगतात: पावसाळाभर माळ बंद, बी पडल्यावर दिवाळीनंतर गवत कापा, मग चारा. गवताच्या दृष्टीने चोख. पण आमचे वाडे दिवाळीनंतर इथे नसतातच! ते तेव्हा मावळात नाहीतर कोकणाच्या वाटेला लागलेले असतात, भात निघालेल्या खाचरांत मेंढरं बसवायला. ते परत येतात जूनमध्ये, कारण तिकडच्या पावसात आणि चिखलात मेंढी जगत नाही. आणि जूनपासून इथे सगळी शेतं पेरलेली. माळ सोडून मेंढराने तोंड कुठे घालायचं? ज्या चार महिन्यांत तुम्ही माळ बंद करता, नेमके तेच चार महिने मेंढक्याला माळ लागतो. मग रात्री तार वाकते, दंड होतो, भांडण होतं, आणि दोघंही म्हणतात, समोरच्याला कळत नाही.

चुलत्यांनीच यावर जुनी रीत काढून दिली. माळाचे चार तुकडे करायचे. दर पावसाळ्याला एक तुकडा पूर्ण राखायचा, बी पडेपर्यंत. उरलेल्या तिन्हींत मेंढरं फिरती, कुठेही पंधरवड्याहून जास्त नाही. पुढच्या वर्षी राखीव तुकडा बदलायचा. 'रान राखणं' हा शब्दप्रयोग आमच्याकडे होताच, कुंपणाशिवाय, शब्दावर.

गायरानाच्या एका कोपऱ्यात आम्ही हे करून पाहिलं. पहिल्या वर्षी फजिती झाली. मी हौसेने नोव्हेंबरात बी गोळा केलं आणि आलेल्या अवकाळी पावसावर लगेच फेकलं. काही उगवलं नाही. अर्धं मुंग्यांनी नेलं, आणि उरलेलं निजलेलं होतं. या गवतांच्या बियांना काही महिने विश्रांती लागते, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या वर्षी बी गोणपाटात ठेवून जूनमध्ये शेणमातीच्या गोळ्यांतून टाकलं, आणि ओढ्याच्या काठी टिकून राहिलेल्या मारवेलचे ठोंब आणून पहिल्या पावसात लावले. मुलांना उंदीरमारी उपटायचं काम दिलं. त्यात त्यांना झाडं लावण्यापेक्षा जास्त मजा आली, हे इथे नमूद करतो. एका रात्री बाहेरगावचा कळप राखीव तुकड्यात शिरला. मी पोलिसात जाऊ म्हटलं. चुलत्यांनी त्या मेंढक्याला बोलावून चहा पाजला, आणि पुढच्या वर्षीच्या वाटणीत त्याचंही नाव घातलं. तो नंतर आमच्याहून कडक राखणदार निघाला.

तिसऱ्या पावसाळ्यात, जिथे आम्ही काहीच पेरलं नव्हतं अशा एका जागी पवन्या आला. कुठून आला, माहीत नाही. कदाचित मूळ तिथेच होतं. डोंबारी चंडोल पुन्हा हवेत कोलांट्या मारायला लागले आहेत, आणि माळटिटवीने वाटेवरच अंडी घातली म्हणून आम्ही पंधरा दिवस वाट बदलली. जानेवारीत लांडगाही फिरकला. त्याने एका वाड्यातलं कोकरू नेलं. भारतात मिळून तीन हजारांच्या आसपास लांडगे उरलेत, त्यातला एक आमच्याकडे जेवून गेला, असं मी म्हणालो तेव्हा कोकरू गेलेल्या बाईने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही. लांडग्याचा वाटा आमच्या लोकांनी मानलाय पिढ्यानपिढ्या, पण वाट्याचा सगळा भार एकाच घरावर का? भरपाईचा पंचनामा करायला जनावराचं कलेवर लागतं, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढे जायचा असतो. तुमच्या कंपन्यांच्या सामाजिक निधीला कामच हवं असेल, तर हे घ्या: कोकरू गेलं की दोन दिवसांत पैसे हातात. यात फोटोला काही नाही, हे खरं.

दुसरं असंच बिनफोटोचं काम म्हणजे उंदीरमारी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढणं, आणि पुढची तीन वर्षं फुटवे काढत राहणं. तिसरं, राखणदाराचा पगार. पण राखणदार मेंढक्यांमधलाच हवा. गवत कापणीची मजुरी द्या, बी गोळा करणाऱ्या बायकांना किलोवर पैसे द्या. आणि कृपा करून 'किती झाडं लावली' हा आकडा मागू नका. तुम्ही आकडा मागता म्हणून संस्था खड्डे मोजते, संस्था मोजते म्हणून अधिकारी जागा शोधतो, आणि शोधता शोधता तो माळावर येतो.

वनखात्याला वेगळं सांगायला हवं असं नाही. त्यांना ठाऊक आहे. आमच्याच तालुक्यातल्या कडबनवाडीला त्यांनीच गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा चिंकारा-खोकड बघायला लोक तिकीट काढून येतात हे सिद्ध झालं. मग त्याच खात्याच्या दुसऱ्या टेबलावरून शेजारच्या माळाला वृक्षलागवडीचा आराखडा कसा मंजूर होतो? माळाला कार्य आयोजनेत, म्हणजे तुमच्या कामाच्या आराखड्यात, त्याच्या नावाने खातं द्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. तो वाचून चराईच्या वाटण्या लेखी करून द्या. २०२६ हे तर संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून ठरवलं आहे. भाषणं होतीलच. त्या भाषणांना एखादा मेंढका श्रोता म्हणून नव्हे, वक्ता म्हणून बोलवा, आणि शक्यतो पावसाळ्यात, तो घरी असताना.

आणखी एक भीती आहे, ती बोलून टाकतो. माळाला झाडं नकोत असं म्हटलं की दुसऱ्याच दिवशी सौर पॅनलवाले येतात: "झाडं नाहीत ना? मग जागा रिकामीच आहे." रिकामी नाही हो. हेच तर सांगतोय एवढा वेळ.

झाडं लावायचीच हौस असेल, तर ती चुकीची नाही. गावात या. शाळेच्या अंगणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, विहिरीजवळ, बांधावर जागा आहे, पाणी घालणारी माणसं आहेत. ओढ्याला करंज, जांभूळ लावा. पारावरचा पिंपळ गेल्या वादळात पडला, तिथे नवा लावायला आम्हाला मदत करा. त्याची सावली लागेल ती माणसांना, आणि तिला कुणाची हरकत नाही.

माळावर यायचं असेल तर जूनमध्ये नको, दिवाळी झाल्यावर या. विळे आम्ही देऊ. सकाळी दव उतरल्यावर कापायला सुरुवात करतो, अकरापर्यंत पेंढ्या बांधून गंजी लावायची असते. बी वेगळ्या पिशवीत. पायात मोजे घालू नका. कुसळं त्यांत अशी शिरतात की घरी जाऊन चिमट्याने काढत बसावं लागतं. मागच्या वर्षी एक पाहुणे तसेच बसून पुण्याला गेले आणि त्यांनी फोन करून विचारलं, ही काढलेली कुसळं टाकू कुठे? चुलत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "टाकताय कशाला? पाकिटात घालून धाडा की परत."

कळावे,
इंदापूर तालुक्यातला एक भूगोल शिक्षक